आवणीच्या आठवड्यातला माणूस : उल्हासकाठच्या एका गावाचं प्रकरण

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी एकोणतीस वर्षं गेली. उल्हास नदीतून उचललेलं पाणी बाटलीत घ्यायचं, गढूळपणा, पीएच, उरलेलं क्लोरीन तपासायचं आणि रजिस्टरात आकडे मांडायचे, हे माझं काम. माझ्यासाठी नदी पंपाच्या जाळीपाशी सुरू व्हायची. जाळीच्या वरच्या अंगाला कोण काय करतं, हा प्रश्न आमच्या खात्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. उन्हाळ्यात कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजूला जलपर्णी दाटली की ठेकेदार यायचा, ती काढून काठावर टाकायचा आणि बिल लावायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उष्ण पाणी आणि पोटभर नत्र-स्फुरद (नायट्रोजन आणि फॉस्फरस) मिळालं, तर ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिला रोज वाढून देणारं कोण, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

निवृत्तीनंतर कळव्याच्या घरात बसवेना, म्हणून मावसभावाकडे जाणं वाढलं. गावात त्याला सगळे अण्णा म्हणतात. गाव कल्याण तालुक्यातलं, रायते पुलापासून फार लांब नाही. नाव देत नाही, कारण गावात तबेला एकच आहे आणि नाव दिलं की तबेलेवाल्याचंही नाव दिल्यासारखं होईल. पुढे जे लिहितोय ते मी तिथे तीन खरीप आणि त्यानंतरचे काही महिने जवळून पाहिलेलं आहे. ओहोळाचं पाणी सोडलं, तर मोजमाप काही केलेलं नाही.

गावाची मांडणी अशी. रस्ता आणि नदी यांच्यामध्ये भातखाचरं. दिवाळीनंतर नदीकडच्या जमिनीत भेंडी, काकडी, मुळा, पालेभाजी. पाणी मोटारीनं नदीतूनच उचललेलं, आणि माल पहाटे टेम्पोनं कल्याणच्या बाजारात. डोंगराकडून एक ओहोळ येतो, तबेल्याला वळसा घालतो, खाचरांच्या कडेनं उतरतो आणि नदीला मिळतो. तबेल्यात साठेक म्हशी.

सवय जाईना, म्हणून एकदा जुनं किट घेऊन गेलो. ओहोळाचं पाणी तीन ठिकाणी घेतलं आणि नेसलर टाकलं. हे रसायन अमोनिया असला की पिवळं होतं, जास्त असला की तपकिरीकडे जातं. डोंगराकडचं पाणी रंगहीन राहिलं. तबेल्याखालचं चहासारखं झालं. खाचरांच्या खाली ते पातळ होईल असं मला वाटलं होतं. झालंही, पण वाटलं होतं तितकं नाही. अण्णाने आदल्या दिवशीच भाताला युरिया फेकला होता.

इथे माझ्या जुन्या धंद्यातला एक हिशेब सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाण्यात अमोनियाच्या रूपातलं नत्र लिटरमागे एक मिलिग्रॅम असेल, तर ते मोडून काढायला क्लोरीन सरासरी आठ ते दहा मिलिग्रॅम लागतं. दिवसाला दहा कोटी लिटर पाणी शुद्ध करणारं केंद्र धरा. अमोनियाचं नत्र एका मिलिग्रॅमनं वाढलं, तर रोजचं क्लोरीन आठशे ते हजार किलोंनी वाढतं. क्लोरीनचा मोठा टोनर, म्हणजे सिलिंडर, नऊशे किलोंचा असतो. म्हणजे रोज एक टोनर जास्तीचा. पिण्याच्या पाण्यात अमोनिया लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर असू नये, असं भारतीय मानक सांगतं. तेव्हा हा खर्च ऐच्छिकही नाही. तो पाणीपट्टीत मिसळून जातो आणि कुणाला दिसत नाही.

हा सगळा अमोनिया शेतीतून येतो, असं मी म्हणत नाही. उल्हासचं मुख्य दुखणं शहरांचं सांडपाणी आणि कारखाने हेच आहे. नदीकाठचा कुठलाही शेतकरी ते तुम्हाला पहिल्या वाक्यात ऐकवेल, आणि त्याचं बरोबर आहे. पण गटाराला तोंड असतं. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा तोंड शोधतो : कुठून सोडलं, किती सोडलं, संमतिपत्र आहे का. खाचराच्या बांधावरून जे वाहतं त्याला तोंड नाही, मीटर नाही, आरोपीही नाही. तिथे नोटीस चालत नाही. माणूस चालतो, आणि तो वेळेवर लागतो.

तो माणूस गावात आला. आली, म्हणायला हवं.

मुरबाड तालुक्यातली मुलगी, कृषी पदवीधर, सरकारी निधीच्या एका योजनेतून अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेली. नेमणूकपत्र बाहेरच्या पुरवठादार संस्थेचं, काम सरकारचं, स्कूटी स्वतःची. वाट्याला पंचवीसेक गावं. गावात तिला मॅडम म्हणायचे आणि मागे "ती फोटोवाली". प्रत्येक भेटीचा ठिकाणासकट फोटो वर पाठवावा लागे, म्हणून.

पहिल्या बैठकीत तिला तेच ऐकायला मिळालं. देवळाच्या ओट्यावर दहा-बारा जण. अण्णाचा शेजारी म्हणाला, "मॅडम, आधी वरच्या शहराचं गटार बंद करा, मग आमच्या युरियाकडं बघा."

ती म्हणाली, "खरं आहे काका. नदीचं माझ्याच्यानं काही होणार नाही. मी नदीसाठी आलेच नाही. तुमची गोणी वाहून जाते, तेवढंच बोलायला आलेय."

मी मनात म्हटलं, शाबास. पण पुढे ती अडकली, कारण गोणीचा मुद्दा पैशानं पटत नाही. युरियाची पंचेचाळीस किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. किलोभर नत्र तेरा रुपयांना. इतकं स्वस्त खत निम्मं वाहून गेलं तरी कुणाच्या पोटात दुखत नाही. उभ्या पाण्यात फेकलेल्या युरियातलं जेमतेम तीस ते चाळीस टक्के नत्र भाताच्या पोटात जातं. बाकीचं हवेत उडतं, खाली झिरपतं किंवा पावसाबरोबर वाहतं. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये, आणि युरिया फेकायची वेळही तीच. धोरण ठरवणाऱ्यांनी खत स्वस्त ठेवलं आणि ते जपून वापरायला सांगणाऱ्याला पंचवीस गावं दिली. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

तिने पैशाचा मुद्दा सोडला आणि दुसरीकडून आली. "मागच्या ऑक्टोबरात भात कुणाकुणाचं आडवं पडलं?" निम्मे हात वर. "आणि युरियाचा शेवटचा हात कुणी जास्त मारला होता?" हात तेच होते, फक्त या वेळी वर गेले नाहीत. जादा नत्रानं भात काळंभोर, उंच आणि कमकुवत होतं, कीड आणि करपा जास्त येतो, आणि परतीच्या पावसानं झोपतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन गोष्टी एकमेकींना कुणी जोडून दाखवल्या नव्हत्या, एवढंच.

गोळीची गोष्ट

तिचं हत्यार नवीन नव्हतं. कोकणात चारसूत्री भातशेती कित्येक वर्षं शिकवली जाते : राबात (रोपवाटिकेत) भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी आणि युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या दाबलेल्या गोळ्या. अशा ब्रिकेट्सवर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानंही काम केलं आहे. खरी गंमत चौथ्या सूत्रात आहे. २.७ ग्रॅमची एक गोळी, चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, आवणीच्याच, म्हणजे रोपं लावायच्याच, दिवशी हातानं खुपसायची. चिखलाच्या आत, हवा न लागणाऱ्या थरात ती बसते आणि हळूहळू विरघळते. वरचं पाणी वाहून गेलं तरी नत्र खालीच राहतं.

हिशेब स्वच्छ आहे. चार चुडांचा एक चौकोन, दोन चौकोनांच्या मध्ये जागा, म्हणजे गोळीमागे चाळीस बाय चाळीस सेंटिमीटर. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजनानं सुमारे १७० किलो. युरिया आणि डीएपी साठाला चाळीस या प्रमाणात, म्हणजे हेक्टरी नत्र साठ किलोंच्या आसपास. वरून पसरून टाकायच्या खताची नत्राची शिफारस हेक्टरी शंभर किलोंची. राहिलेले चाळीस किलो पोत्यातच राहतात, ओहोळात जात नाहीत. नदीच्या बाजूनं बघणाऱ्या माझ्यासारख्याला यापेक्षा सोपं गणित नको.

मग ते सगळीकडे का होत नाही? उत्तर खाचरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, एकराला पंचवीस हजार. प्रत्येक गोळीला एकदा वाकायचं. वाकणार कोण? आवणी करणाऱ्या बाया. दिवसभर वाकून रोपं लावल्यावर संध्याकाळी पुन्हा त्याच चिखलात गोळ्या खुपसायच्या, आणि मजुरी तेवढीच. पहिल्या वर्षी अण्णाच्या दहा गुंठ्यांत प्रयोग ठरला तेव्हा त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाईनं सरळ सांगितलं, "बाई, तुझी गोळी तू लाव. आमी रोप लावतो."

मॅडमनं खरंच लावल्या. पहिले दोन गुंठे स्वतः. तिसऱ्यापासून दोन पोरी मदतीला आल्या. दुपारी जेवताना मजुरीचं बोलणं झालं आणि गोळीच्या कामाला चार जणींची वेगळी अर्धी हजेरी ठरली. अण्णा कुरकुरला, कारण त्याला वाटत होतं प्रयोग सरकारी तर मजुरीही सरकारी. तिच्या योजनेत खताला पैसे होते, दोरीला होते, फलकाला होते ("प्रात्यक्षिक प्लॉट", निळ्यावर पांढरी अक्षरं, फलक अजून आहे). मजुरीला नव्हते. अर्धी हजेरी अखेर अण्णानं दिली, कारण तोवर बायका त्याच्याकडे बघायला लागल्या होत्या.

दोरीचंही सांगायला हवं. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर आळीपाळीनं खुणा केलेली दोरी ताणली की चौकोन आपोआप पडतात आणि गोळी कुठे टाकायची हे विचारावं लागत नाही. पहिल्या दिवशी दोरी म्हणजे छळ वाटला. तिसऱ्या दिवशी बायाच म्हणाल्या, की रोपं कमी लागतात आणि गप्पा मारत सरळ ओळीत पुढे जाता येतं. त्यांच्या मते दोरीचा फायदा हाच.

त्या आठवड्यात ती आठ दिवसांत सहा वेळा आली. उरलेली चोवीस गावं तेव्हा काय करत होती कुणास ठाऊक. आवणी सगळीकडे एकाच वेळी असते. वर्षभर रोज एक गाव फिरणाऱ्या माणसाचा हा धंदाच नव्हे. तीन आठवड्यांत माणूस सगळीकडे लागतो आणि उरलेल्या वर्षात निवांत चालतो. निधी मात्र दर महिन्याला सारखा, आणि भेटींचं उद्दिष्टही दर महिन्याला सारखं. मार्चमध्ये ती भेटींचा आकडा भरायला येऊन ओट्यावर बसायची आणि आम्ही तिला आंबे द्यायचो.

तबेल्याचं प्रकरण

भात वर्षातून चार महिने. तबेला बारा महिने.

म्हैस दिवसाला पंधरा ते वीस किलो शेण टाकते आणि मूत्र जवळपास तेवढेच लिटर. साठ म्हशींचं किमान धरलं तरी रोज नऊशे किलो शेण. उन्हाळ्यात गोवऱ्या थापल्या जातात, विकल्याही जातात. पावसाळ्यात वाळवायला जागा नाही, ऊन नाही. मग पाइपानं पाणी मारायचं, आणि ओहोळ आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दुग्धशाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, शेण गटारात सोडू नये वगैरे. तबेल्याच्या मालकांना, म्हणजे शेठना, त्या ठाऊक होत्या. त्यांचं म्हणणं, "कागद मला दाखवू नका, जागा दाखवा."

पहिल्या भेटीत तिने बायोगॅसचा विषय काढला आणि शेठ हसले. कारण रास्त होतं. गोबरधन योजनेत जिल्ह्यामागे पन्नास लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. त्यातून सयंत्र उभं राहील, पण रोज सकाळी त्यात शेण कालवणारा, वाहिनी तुंबली की ती उघडणारा, स्लरी उपसणारा माणूस कोण? यंत्राला पैसे आहेत, यंत्राशेजारच्या माणसाला नाहीत. शेठनी याआधी शेजारच्या गावात नाडेपची (कंपोस्ट खत कुजवायची) एक टाकी पाहिली होती, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, जाळीदार विटांची, कागदावर शंभर टक्के पूर्ण. तिच्यात कोंबड्या होत्या.

मग तिने यंत्राचा नाद सोडला. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तबेल्यातल्या पोरांचं काम नुसतं बघत बसली. पहाटे तीनला दूध काढणं, त्यानंतर धुणं. धुण्याआधी कुणी शेण ओढून काढत नव्हतं, कारण पाणी मारणं हे फावड्यापेक्षा सोपं. तिने एकच बदल सुचवला : आधी फावड्यानं ओढा, मग धुवा. शेण गेलं की धुवायला पाणी कमी लागतं आणि जे वाहतं ते पातळ असतं. त्या पातळ पाण्यासाठी दोन कप्प्यांची टाकी, पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यातलं पाणी शेठच्याच हिरव्या चाऱ्याच्या तुकड्यात सोडायचं. टाकीला विटा शेठच्या, गवंडी शेठचा, आखणी तिची. अनुदान घ्यायचं म्हटलं तर टाकीचं माप ठरलेल्या नमुन्यात बसत नव्हतं, म्हणून घेतलंच नाही.

काढलेल्या शेणाचं काय? इथे तिने जे केलं त्याला मी या संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणतो, आणि त्याची कागदावर एक ओळही नाही. नदीकाठच्या भाजीवाल्यांना शेणखत हवं होतं, पण ताजं, ओलं शेण नको. तणाचं बी येतं, रोपं भाजतात, शिवाय टेम्पोचं भाडं कोण देणार? तबेल्यापासून भाजीच्या रानापर्यंत जेमतेम सव्वा किलोमीटर. मध्ये एका पडीक तुकड्याचा मालक, ज्याचं शेठशी जुनं भांडण. तो तुकडा खत कुजवायला मिळाला तर सगळं जुळत होतं. तिने दोघांना एका ओट्यावर बसवायला किती फेऱ्या मारल्या हे मी मोजलं नाही, पण अण्णानं मोजलं. अकरा. अखेर ठरलं ते असं : शेण शेठचं फुकट, वाहतूक शेठच्या ट्रॅक्टरनं, जागामालकाला खताचा चौथा हिस्सा, उरलेलं भाजीवाल्यांना ट्रॉलीच्या भावानं, आणि त्या पैशातून डिझेल.

नोव्हेंबरात मी पुन्हा नेसलर टाकलं. तबेल्याखालचं पाणी अजूनही पिवळं होतं. पण पिवळंच.

या अकरा फेऱ्यांचा फोटो कसला काढणार? दोन माणसं ओट्यावर बसून एकमेकांकडे न बघता चहा पितायत, याचा?

पैसा कुठे थांबतो

मार्चअखेर तिचा करार संपला. नूतनीकरण होणार, असं सगळे म्हणत होते. एप्रिल गेला, मे गेला. आधीच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, हप्त्याशिवाय नेमणूक नाही, असं काहीसं अडलं होतं. ती पोटासाठी नाशिकला एका बियाणे कंपनीत गेली. तिच्या जागी नवा मुलगा रुजू झाला तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. चांगला मुलगा. पण तोवर आवणी उरकली होती.

गोळ्या बनवणारं यंत्र तालुक्यातल्या एका गटाकडे आहे, पण मागणी मेमध्ये नोंदवावी लागते. ती नोंदवायचं काम मॅडम करायच्या. कुणी सांगितलेलं नव्हतं, करायच्या. त्या वर्षी कुणी नोंदवली नाही. पहिल्या वर्षी अण्णाचे दहा गुंठे होते, दुसऱ्या वर्षी सात घरांनी मिळून चारेक एकर केले होते, तिसऱ्या वर्षी गोळी कुणालाच मिळाली नाही. सगळ्यांनी युरिया फेकला. अण्णानंही.

त्याच सुमारास हवामानाचा सल्लाही पातळ झाला. "आज रात्री मोठा पाऊस, खत टाकू नका" हा साधा निरोप ती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची. दर मंगळवार-शुक्रवारचं कृषी हवामान पत्रक वाचून, गावाच्या भाषेत. देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये उभारलेली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली. तिथले तज्ज्ञ आणि निरीक्षक कंत्राटी होते. उपग्रह तसेच राहिले, पत्रकंही कुठून कुठून येतात, पण आपल्या तालुक्याच्या शेताचा विचार करून ते वाचणारा माणूस कापला गेला. आमच्या गावातली गोष्ट त्याच्याशी थेट जोडलेली नाही. मला दिसतं ते दोन्हीकडचं साम्य : काटकसर करायची वेळ आली की आधी माणूस जातो, कारण माणसाचा खर्च दरवर्षी दिसतो आणि यंत्राचा एकदाच.

अण्णा ग्रामपंचायतीचा माजी सदस्य. त्याला सोपा उपाय सुचला : पंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो, त्यातून आपणच तिला ठेवू. पाच-सहा गावं मिळून पगार निघेल. बोलणी बरीच पुढे गेली. मग ग्रामसेवकांनी नियम दाखवला. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के बांधील भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांसाठी होता, आणि उरलेल्या अबंधित भागातून गावाच्या गरजेचं काहीही करता येत होतं, फक्त पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. गटार बांधता येतं, गटारात काय जातंय हे कमी करणाऱ्याला ठेवता येत नाही. नियमामागे कारण असणार, पंचायतीत नातेवाइकांची भरती होऊ नये वगैरे. ते कारण मला मान्यही आहे. पण मग हा पगार कुठून यायचा?

कृषी विस्तारासाठी केंद्र-राज्य साठ-चाळीसच्या वाट्यानं पैसा येतो. त्याचं मोजमाप प्रशिक्षणं, प्रात्यक्षिकं, सहली, शेतीशाळा असं. पाण्याचा त्यात उल्लेख नाही, आणि का असावा? कृषी खात्याचं काम पीक. पाण्याचं खातं वेगळं, ते पाइप आणि पंपाला पैसे देतं. प्रदूषणाचं मंडळ वेगळं, ते नोटीस काढतं. ओहोळ या तिघांच्याही बांधावरून वाहतो. मी स्वतः यांतल्या एका खात्यात आयुष्य काढलं, तेव्हा हात वर करून सांगतो : आमच्या केंद्रात क्लोरीनचा वाढीव टोनर मागवायला एक टिपण पुरायचं. जाळीच्या वर पंधरा किलोमीटरवर एक कृषी पदवीधर ठेवायला कुठलं टिपण लिहायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाहेरचं एकच उदाहरण देतो, कारण ते पाणीवाल्यांच्या धंद्यातलं आहे. न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी कॅट्सकिल डोंगरांतून येतं, आणि ते गाळणी न बांधता पुरवलं जातं. नव्वदच्या दशकात गाळणी बांधायची वेळ आली, खर्चाचा अंदाज काही अब्ज डॉलरांचा. शहरानं त्याऐवजी वरच्या खोऱ्यातल्या दुग्धशाळांशी आणि शेतकऱ्यांशी बोलणी केली. शेतकऱ्यांचीच परिषद उभी राहिली, प्रत्येक शेताचा पूर्ण आराखडा करणारे तंत्रज्ञ नेमले गेले, आणि त्यांच्या पगारासह मोठा खर्च शहराच्या पाण्याच्या पैशातून झाला. सहभाग ऐच्छिक होता. १९९७ मध्ये शहर, राज्य आणि खोऱ्यातली गावं यांच्यात करार झाला. तिथे जमीन विकत घेण्यावरून भांडणंही झाली, सगळं गोडगोड नव्हतं. आपलं उल्हास खोरं कॅट्सकिल नाही, इथे गाळणीशिवाय भागणार नाही हे मी कुणालाही लिहून देईन. पण पगार कुणी द्यायचा, याचं त्यांचं उत्तर मला पटतं : जो खालच्या अंगाला पाणी पितो त्यानं. भातसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं, बारवीचं मुरबाड-अंबरनाथच्या बाजूनं ठाण्या-नवी मुंबईकडच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना. वरच्या बाजूला शेती, खालच्या बाजूला मीटर, ही रचना आपल्याकडेही जशीच्या तशी आहे. मीटर वाचणारा माणूस आपल्याकडे कायम नोकरीत असतो, आणि असायलाच हवा. त्याच्या शेजारी आणखी एक जागा मंजूर करायला अडचण पैशाची नाही, रकान्याची आहे.

काय उरलं

आज गावात गेलात तर काय दिसेल? तबेल्याची टाकी चालू आहे. गाळ उपसायला शेठ कंटाळा करतात आणि पहिला कप्पा भरला की पाणी पुन्हा ओहोळाला जातं, मग अण्णा फोन करतो, मग उपसतात. खताचा व्यवहार मात्र पक्का टिकला, कारण त्यात चौघांचा फायदा आहे आणि कुणाची सही लागत नाही. जागामालक आणि शेठ अजून बोलत नाहीत, पण ट्रॉली जाते.

दोरी दोन घरांत वापरात आहे. बायकांना आवडली म्हणून.

नवा मुलगा मेहनती आहे. त्याच्याकडे आता तीस गावं. पहिल्या भेटीत त्याने अण्णाला विचारलं, "इथं कुठं नाडेप आहे का? फोटो घ्यायचाय." अण्णानं त्याला शेजारच्या गावची वाट दाखवली आणि सांगितलं, कोंबड्या हुसकावून मगच काढ.

यंदा मेच्या शेवटी मी गेलो होतो. अण्णा माळ्यावरून राबाचं बियाणं काढत होता. त्याच्यामागे एक पत्र्याचा डबा, त्यात उरलेल्या गोळ्या. दोन पावसाळ्यांच्या दमटीनं निम्म्या विरघळून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने डबा माझ्या हातात दिला, फोन काढला आणि व्हॉट्सॲपचा गट उघडला. गटाची ॲडमिन अजून तीच. त्याने लिहिलं, "मॅडम, गोळीची ऑर्डर कुणाकडं द्यायची?" पाचेक मिनिटांत नाशिकहून उत्तर आलं : गोळ्या बनवणाऱ्या गटाचा नंबर, एकराला किती किलो लागतील त्याचा हिशेब, आणि खाली, "काका, उद्याच फोन करा. जून लागला की ते घेत नाहीत."

अण्णानं मग ओसरीवरूनच शेजाऱ्याला हाक मारली, "ए, तुझं किती एकर लिहू?"